पदर आणि पाने : शिरूर-दौंडचा फराळ ते फ्रान्सची ‘राजांची पोळी’

१/ दिवाळीच्या तोंडावर शिरूर-दौंडकडच्या घरांत परातीत तूप फेसून साटा तयार होतो, तेव्हा पाककलेतला एक अवघड प्रश्न सुटत असतो. पिठाच्या थरांमध्ये तूप असे कसे ठेवायचे, की ते पिठात मुरणार नाही आणि थर एकमेकांना चिकटणार नाहीत? फ्रान्समध्ये याच प्रश्नाचे उत्तर लोणी, गारवा आणि भट्टी यांतून निघाले. घोडनदीच्या काठी ते तांदळाची पिठी, तूप आणि कढई यांतून निघाले. एका उत्तराला जगभर नाव, ग्रंथ आणि आचार्य लाभले. दुसरे चुलीजवळच राहिले. असे का झाले, त्याचा हा धागा.

२/ आधी फ्रान्सचा पदार्थ पाहू. ६ जानेवारी हा ख्रिस्ती परंपरेत तीन ज्ञानी राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याचा सण. या सुमारास उत्तर फ्रान्समध्ये ‘गालेत दे रुआ’ म्हणजे ‘राजांची पोळी’ खाल्ली जाते. पापुद्र्यांच्या दोन गोल चकत्या, मध्ये बदामाचे सारण आणि त्या सारणात लपवलेला एक दाणा. पूर्वी तो खरोखर शेंगेतला दाणा असे, पुढे चिनी मातीची इवलीशी बाहुली आली. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला द्यायचा ते सांगते. ज्याच्या वाट्याला दाणा येईल, तो त्या दिवसाचा राजा. त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो.

३/ या पोळीचा प्राण तिच्या पापुद्र्यांत आहे. मैद्याच्या पिठात थंड लोण्याची जाड वडी गुंडाळतात, लाटतात, तिची तीन पदरी घडी घालतात आणि गार जागी विसावा देतात. असे सहा वेळा केले की लोण्याचे थर होतात तीनाचा सहावा घात, म्हणजे ७२९. भट्टीत गेल्यावर पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते. लोण्याने वेगळे ठेवलेले थर ती वाफ उचलते आणि बोटभर जाडीची चकती चार बोटे फुगते. यात कुठेही खमीर नाही की सोडा नाही. सारे काम वाफेचे आणि घडीचे.

४/ आता चिरोटा पाहू. मैदा आणि बारीक रव्याचे पीठ घट्ट भिजवून तीन ते पाच पातळ पोळ्या लाटतात. प्रत्येक पोळीवर साटा, म्हणजे फेसलेल्या तुपात तांदळाची पिठी कालवलेला लेप, पसरतात. पोळ्या एकमेकींवर रचून घट्ट वळकटी करतात, तिच्या लाट्या कापतात, हलक्या हाताने पुन्हा लाटतात आणि मंद आचेवर तळतात. कढईत चिरोटा असताना झाऱ्याने त्यावर तूप उडवत राहिले की वळकटीचे वेढे एकेक करून उमलतात. साट्याच्या करंजीत हीच युक्ती सारणाभोवतीच्या पारीला लावलेली असते.

५/ येथे ‘मोहन’ आणि ‘साटा’ यांतला भेद ध्यानात घ्यावा. मोहन म्हणजे पिठातच चोळलेले कडकडीत तूप किंवा तेल. ते पिठाच्या कणाकणाला लागते आणि पदार्थ खुसखुशीत करते. शंकरपाळे त्यावरच चालतात. साटा पिठात मिसळायचा नसतो, थरांमध्ये राखायचा असतो. त्याने पदार्थाला पदर सुटतात. फ्रेंच पेस्ट्रीशास्त्रातही नेमके हेच दोन वर्ग आहेत : लोणी चोळलेले ठिसूळ पीठ आणि लोणी घडीत ठेवलेले पापुद्र्यांचे पीठ. दोन्ही स्वयंपाकघरांना हा भेद स्वतंत्रपणे उमगलेला दिसतो.

६/ शब्दही पाहण्याजोगे आहेत. फ्रेंच भाषेने या थरांना ‘फय’ म्हटले. फय म्हणजे झाडाचे पान आणि वहीचेही पान. म्हणून तिथल्या एका प्रसिद्ध पेस्ट्रीचे नाव ‘मील-फय’, हजार पाने. मराठीने त्याच थरांना ‘पदर’ म्हटले. करंजी नीट जमली की ‘पदर सुटले’ असे म्हणतात. एका भाषेला भट्टीतून निघालेल्या पोळीत पुस्तक दिसले, दुसरीला लुगड्याची घडी दिसली. नाव ठेवताना माणसे हाताशी असलेल्या वस्तूकडे पाहतात.

७/ पापुद्र्यांची पेस्ट्री कोणी शोधली? एक लाडकी आख्यायिका चित्रकार क्लोद लोरेन याचे नाव घेते. १६०० च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा पेस्ट्रीवाल्याकडे उमेदवारी करत होता आणि चुकून त्याच्या हातून हे पीठ घडले, अशी ती कथा. ती टिकत नाही. स्पेनमधील दोमिंगो एर्नांदेस दे मासेरास याच्या १६०७ मधील पाकग्रंथात अशा पिठाची कृती छापलेली आहे. त्या वर्षी क्लोद जेमतेम सात वर्षांचा होता.

८/ स्पेनच्याही मागे जाता येते. तेराव्या शतकातील अंदलुसी अरबी पाकग्रंथात ‘मुवर्रका’ नावाचा पदार्थ आहे. नावाचा अर्थच पानापानांचा. पातळ पोळीवर वितळलेले तूप किंवा चरबी लावायची, गुंडाळायची, पुन्हा लाटायची. फ्रान्समध्ये ला वारेन याचा ‘ल क्विझिनिए फ्राँस्वा’ हा ग्रंथ १६५१ मध्ये आला, तर १६५३ मधील ‘ल पातिसिए फ्राँस्वा’ या ग्रंथाने पेस्ट्रीची मापे आणि पायऱ्या सविस्तर छापल्या. काळाचा अंदाज यावा म्हणून : शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ मध्ये.

९/ भारतीय बाजूला त्याहून जुना लेखी पुरावा आहे. सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने ‘भावप्रकाश’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ रचला. त्यातील सिद्ध अन्नांच्या प्रकरणात ‘फेनिका’ येते. तुपाचे पीठ लाटायचे, त्याला तांदळाची पिठी आणि तूप यांचा लेप लावायचा, गुंडाळून सुरीने तुकडे करायचे, पुन्हा लाटून तुपात तळायचे, म्हणजे पदर उघडे दिसतात; वरून सुगंधी साखर भुरभुरायची. त्या लेपाला भावमिश्र ‘सट्टक’ म्हणतो. मराठीतला ‘साटा’ अर्थाने आणि घडणीने या शब्दाच्या अगदी शेजारी बसतो.

१०/ महाराष्ट्राशी जवळचा दुवा म्हणजे रघुनाथ गणेश नवहस्त याचा ‘भोजनकुतूहल’. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा मराठी पंडित; तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. धान्ये, पक्वान्ने आणि त्यांचे गुणदोष त्याने संस्कृतात एकत्र केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी अशा पोथ्यांचा अभ्यास करून खाद्यपदार्थांच्या इतिहासाला कालक्रमाची शिस्त लावली. जिलबीपासून बाजरीपर्यंत कोणती गोष्ट केव्हापासून लेखनात दिसते, हे विचारण्याची सवय या अभ्यासाने लावली.

११/ म्हणून ‘हे सर्व आपण आधी केले’ असा निष्कर्ष काढावा का? नाही. लेखी पुरावा एवढेच सांगतो की गहू, स्निग्ध पदार्थ आणि लाटणे जिथे एकत्र आले, तिथे थरांची युक्ती वेगवेगळ्या वाटांनी पोहोचली किंवा नव्याने सुचली. अंदलुसियात ती वितळलेल्या चरबीने साधली, फ्रान्समध्ये घट्ट लोण्याने, भारतात पिठीने घट्ट केलेल्या तुपाने. खरा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा नसून, प्रत्येक ठिकाणी हेच उत्तर का निघाले, हा आहे. त्यासाठी हवामान, भट्टी आणि धान्य पाहावे लागते.

१२/ हवामान. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. घडीत टिकण्यासाठी ते त्याहून पुष्कळ गार, साधारण १५ अंशांच्या जवळ असावे लागते. उत्तर फ्रान्सचा जानेवारी त्याला फुकट शीतगृह पुरवतो. शिरूर-दौंडमध्ये उन्हाळी पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवाळीची दुपारही उबदार असते. तिथे नुसते तूप थरांत घातले, तर लाटतानाच ते पिठात जिरेल. तुपात पिठी कालवली की ते ऊब सोसते आणि जागचे हलत नाही. साटा म्हणजे बर्फाशिवाय घट्ट राहणारे तूप. बोस्टनहून गलबतातून आलेला बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरला, त्याच्या कितीतरी आधी हा तोडगा रुळलेला होता.

१३/ भट्टी. बंद भट्टीला सतत सरपण लागते आणि ती बांधायला भांडवल लागते. मध्ययुगीन फ्रान्समध्येही ती घरोघर नव्हती. अनेक गावांत भट्टी जमीनदाराच्या मालकीची असे; रयतेने आपली रोटी तिथेच भाजायची आणि मोबदला द्यायचा, असा सक्तीचा हक्क होता. फ्रेंच राज्यक्रांतीने जे सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यांत हाही होता. म्हणजे ‘फ्रेंच घरात पिढ्यान्‌पिढ्या भाजली जाणारी पेस्ट्री’ हे चित्र अर्धेच खरे. पोळी सणाची होती, पण भट्टी दुसऱ्याची होती.

१४/ भाजण्याचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. आळंदीची मुक्ताबाईची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. मांडे भाजण्यासाठी तिला खापर हवे होते आणि विसोबा चाटीच्या धाकाने कुंभार ते देईनात. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि बहिणीने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा कणा सामाजिक आहे. वाळीत टाकलेल्या घराचे पक्वान्न अडवायचे तर पीठ अडवावे लागत नाही. भांडे अडवले की पुरते.

१५/ कढईने हा अडसर दूर केला. तीन दगडांची चूल आणि एक कढई असली की चिरोटे, करंज्या, अनारसे, सारे होते. तळण घरातच होत असल्याने साट्याचे पदार्थ घरचेच राहिले. फ्रान्समध्ये उलट घडले. पेस्ट्री करणाऱ्यांचे व्यावसायिक संघ होते, भट्ट्या त्यांच्या होत्या, म्हणून सणाची पोळी बहुतेक वेळा दुकानातून येई. घरच्या स्वयंपाकघरात ती सहज भाजता येऊ लागली ती विसाव्या शतकात, गॅसची वा विजेची भट्टी आणि शीतकपाट घरात आल्यावर.

१६/ तिसरी गोष्ट धान्य. शिरूर आणि दौंडचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. धरणे आणि कालवे येण्यापूर्वी येथले रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. गहू सणासुदीचा. त्यातून सपीठ काढायचे तर दळणे, चाळणे, वस्त्रगाळ करणे आले. तूप आणि साखर तर त्याहून महाग. घोड आणि भीमेच्या पाण्यावर पुढे ऊस वाढला. दौंडमध्ये गुऱ्हाळे आली, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आज डब्यातून सहज निघणारी पिठीसाखर या भागात दीर्घकाळ चैनीची वस्तू होती.

१७/ धान्य आणि पेस्ट्री यांचे नाते फ्रान्समध्ये रक्तरंजितही झाले. १७७५ मध्ये धान्य महागले आणि ‘पिठाचे युद्ध’ म्हणून ओळखले जाणारे दंगे उसळले. ‘रोटी नसेल तर केक खा’ हे वाक्य राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घातले जाते, तेही याच संतापातून. वस्तुतः रूसोने अशी गोष्ट एका अनाम राजकन्येविषयी लिहिली, तेव्हा मारी आंत्वानेत लहान मुलगी होती आणि फ्रान्सला आलेलीही नव्हती. मूळ शब्दही केक नाही, तो ‘ब्रिऑश’ म्हणजे लोणी-अंड्याची मऊ रोटी असा आहे. अफवा खोटी, पण तिच्यामागची भूक खरी.

१८/ या क्रांतीची खूण राजांच्या पोळीवर आजही आहे. दरवर्षी जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात एक प्रचंड पोळी नेली जाते. तिच्यात दाणा नसतो. प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या वाट्याला दाणा आला, तर त्याला राजा म्हणावे लागेल! पक्वान्न तेच राहिले आणि त्यातला एक दाणा काढून इतिहासाने आपली नोंद करून ठेवली.

१९/ आता युरोपची भट्टी शिरूरला कशी पोहोचली ते पाहू. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली आणि घोडनदीकाठचे शिरूर तिचे ठाणे झाले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच ठाण्यातून निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. छावणी म्हणजे केवळ तोफा नव्हेत. गोऱ्या सैनिकाला रोज पावरोटी लागे, म्हणून छावणीमागोमाग भट्टी आणि ती चालवणारे कारागीरही येत.

२०/ दौंडला हे काम रेल्वेने केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्याहून पुढे या बाजूला सरकला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. दौंड जंक्शन झाले, रेल्वेची वसाहत उभी राहिली. अशा जंक्शनांवर युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडचे ख्रिस्ती कर्मचारी एकत्र राहत. पाव, बिस्कीट आणि नाताळचा केक हे अशा वसाहतींचे रोजचे आणि सणाचे खाणे. लोहमार्गाने दख्खनच्या गावांना भट्टीचा वास दिला.

२१/ मात्र भट्टीचा पदार्थ खाणे त्या काळी निरुपद्रवी नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभात चहा-बिस्किटे पुढे आली. उपस्थितांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, रानड्यांनीही ते घेतले. कोणी भाजले आणि कोणी वाढले, यावर जात ठरत होती. सनातनी घरांत दिवाळीचा फराळ स्वतःच्या कढईतच का राहिला, याचे एक उत्तर येथे सापडते.

२२/ याच काळात दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंचे काम उभे राहत होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली-बायका आणल्या आणि १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदन आकाराला आले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अहंकार दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे, की इंग्रज बाई भारतात येऊन आपल्या सवयी बदलत नाही, तेव्हा तिला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही.

२३/ या वादाचा निकाल ग्रंथांत शोधण्याऐवजी नाताळच्या डब्यात पाहावा. अहमदनगर-पुणे पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशनची केंद्रे होती. शिरूर त्यांपैकी एक. या भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केक येतो, पण त्याच्या जोडीला करंज्या, चकल्या, शंकरपाळेही होतात. सण बदलला, फराळ राहिला. फ्रान्सच्या घरात पापुद्र्यांची पोळी ज्या सणमालेची सांगता करते, तिच्याच आरंभी या घरांत साट्याचे पदर सुटत असतात. ख्रिस्ती होणे म्हणजे युरोपीय ताट घेणे, हे समीकरण येथल्या बायकांनी भाषण न करता खोडून काढले.

२४/ भट्टीतले थर सर्वसामान्य मराठी घरात आले ते खारीच्या रूपाने. चहात बुडवायची खारी आणि पुण्याचे पॅटिस या दोन्ही गोष्टी घडी घातलेल्या पापुद्र्यांच्या पिठाच्याच. मात्र लोण्याऐवजी त्यांत बहुधा वनस्पती तूप किंवा मार्गारीन असते. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. लोण्याहून स्वस्त आणि उन्हाळ्यातही घट्ट राहणारे हे तूप दख्खनच्या बेकऱ्यांना सोयीचे पडले. साट्यातल्या पिठीने जे साधले, तेच काम कारखान्याने तुपाची घडणच बदलून केले. फ्रेंच कल्पना शिरूरच्या टपरीवर पोहोचली, तोवर तिचे नाव आणि तूप दोन्ही बदलले होते.

२५/ घर आणि भट्टी यांच्यात एक सुंदर तडजोडही झाली. घरून रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून डबा भरून आणायचा, ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पाहिली. साहित्य घरचे, आच बेकरीवाल्याची. पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, तोवर वाळूवर पातेले ठेवून केक भाजण्याची युक्तीही चालली. आता शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शीतकपाटे तयार होतात. ज्या गारव्याअभावी लोण्याची पेस्ट्री या भागात अशक्य होती, तो गारवा आज येथूनच देशभर जातो. राजांची पोळी शिरूरच्या घरात भाजायला आता कसलीच आडकाठी नाही.

२६/ मग दोन परंपरांत उरलेला फरक कोणता? नोंदीचा. पॅरिसच्या गरीब घरात जन्मलेला आंत्वान कारेम पेस्ट्रीच्या दुकानात वाढला आणि १८१५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने ग्रंथ काढला. म्हणून तो इतिहासात आहे. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. पण त्यांच्याआधी शेकडो वर्षे साटा फेसणाऱ्या बाईचे नाव कुठेच नाही. मजुरी घेऊन काम करणारा कारागीर ठरला. सणासाठी काम करणारी फक्त घरातली बाई राहिली.

२७/ ही उणीव काही अंशी भरून काढता येते. अनेक घरांत पिवळ्या पडलेल्या वह्या आहेत. ‘एक वाटी तूप, साटा होईल इतकी पिठी’ अशी मापे त्यांत आहेत. येत्या दिवाळीत किंवा नाताळात अशी एखादी वही उघडावी. लिहिणारीचे नाव, गाव, माहेर, साल, चूल कसली होती, तूप कुठून येई, गहू घरचा की विकतचा, हे तिच्याशेजारी बसून टिपून घ्यावे. वाटीचे मापही मोजून ठेवावे. ती वाटी फुटली की माप गेले. शिवकालीन कागद जपणाऱ्या महाराष्ट्राला हे काम जड नाही. फक्त ते साटा लावणारे हात थकण्यापूर्वी व्हायला हवे.

(धागा समाप्त)